वन्संचं रक्त

चष्म्याच्या दुकानाचा पुढचा भाग आरशांचा, दिव्यांचा आणि मालकांच्या गोड बोलण्याचा. मागच्या खोलीत एक खिडकी, काचेच्या कडा घासायचं यंत्र, त्याखाली पाण्याचा ट्रे आणि बाई. गोल काच घ्यायची, फ्रेमच्या मापात घासायची, बसवायची आणि उजेडासमोर धरून बघायची. लग्नाच्या आधीपासून बाई हेच काम करत होत्या. गिऱ्हाइकं त्यांना चष्मेवाल्या बाई म्हणत, मालक नुसतंच बाई. बोलायच्या कमी, पण बोलल्या की समोरचा गप्प. एकदा एक गृहस्थ तणतणत आले की नव्या चष्म्यातून घरभर धूळ दिसते. बाई आतूनच म्हणाल्या, "मग झाडू घ्या. तो आमच्याकडे मिळत नाही."

अशा या बाईंनी आपल्या नवऱ्याला मारलं होतं. निदान त्या स्वतः तसं समजत होत्या, आणि नवऱ्याकडची सगळी माणसंही.

नवरा बस डेपोत मेकॅनिक होता. रेड्यासारखा दांडगा. इंजिन उचलताना हर्निया झाला, म्हणून एका लहानशा दवाखान्यात साधं ऑपरेशन ठरलं. रात्रीपासून पोटात काही जाऊ द्यायचं नाही, असं बजावलं होतं. पहाटे तो उठला, डोकं धरून बसला, म्हणाला, "घोटभर चहा दे गं, कपाळ फुटतंय." बाईंनी अर्धा कप दिला. सकाळी त्याला आत नेलं, आणि दुपारच्या आत डॉक्टरांनी बाहेर येऊन मान हलवली. अंग भट्टीसारखं तापलं होतं, जबडा उघडेना, हातपाय लाकडासारखे ताठ. कॉरिडॉरमध्ये नर्सने विचारलं, "पोटात काही गेलं होतं का?" बाई खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी चहाचं सांगितलं. शेजारी मोठ्या वन्सं उभ्या होत्या, नवऱ्याची थोरली बहीण. डॉक्टर म्हणाले, "रिकाम्या पोटी आणायला सांगितलं होतं ना?" एवढंच बोलून ते आत निघून गेले. त्यांनी हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. पण त्या एका वाक्यावर निकाल लागला.

"खाल्लंस माझ्या भावाला," वन्सं म्हणाल्या.

त्यानंतर सासूबाई वन्संकडे राहायला गेल्या त्या तिथेच वारल्या. कधी समोर आल्याच तर बाईंच्या हातचं पाणीसुद्धा घेत नसत. बाईंना त्यात वावगं वाटलं नाही. त्यांच्या जागी आपण असतो तर आपणही तेच केलं असतं, असंच त्यांना वाटे. बाईंनी चहा सोडला नाही. सोडणं सोपं झालं असतं. त्या रोज पहाटे उठून करायच्या, आणि पहिला घोट घेताना स्वतःला आठवण करून द्यायच्या.

नवरा गेला तेव्हा बाईंची लेक रांगत होती. ती वाढली, बापाचे रुंद खांदे घेऊनच वाढली, आणि तलावावर मुलांना पोहायला शिकवू लागली. वडील ऑपरेशनमध्ये गेले एवढंच तिला माहीत होतं. त्यापुढचं विचारलं की आई काचा पुसायला घ्यायची.

मग एका संध्याकाळी लेकीच्या पोटात कळा सुरू झाल्या. अपेंडिक्स. लगेच कापावं लागणार. या वेळी हॉस्पिटल मोठं होतं, गुळगुळीत फरश्यांचं. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई चुणचुणीत, पांढऱ्या केसांच्या. त्यांनी कागदावर टिकमार्क करत भराभर विचारलं. दमा आहे का, कुठल्या औषधाची ॲलर्जी, आणि मग, "घरात कुणाला भुलेचा त्रास झालाय? ऑपरेशनच्या टेबलावर कुणी गेलंय?"

लेकीने आईकडे बघितलं. बाई म्हणाल्या, "नाही."

त्यांच्या लेखी ते खोटं नव्हतंच. नवरा भुलेने थोडाच गेला होता, तो चहाने गेला होता. आणि ते या परक्या बाईला, लेकीच्या देखत, कशाला सांगायचं? त्यापेक्षा त्यांनी दुसरं काम चोख केलं होतं. कळा सुरू झाल्यापासून लेकीच्या ओठाला पाण्याचा थेंब लागू दिला नव्हता. खाटेजवळ पहारेकऱ्यासारख्या बसून होत्या. शेजारच्या खाटेवरच्या आजींनी बिस्कीट पुढे केलं, तर त्यांच्यावरच खेकसल्या.

लेकीला आत नेलं. थोड्या वेळाने दार धाडकन उघडलं आणि एक नर्स पळत गेली. मग दुसरी. कुणीतरी फोनवर ओरडून सांगत होतं की आमच्याकडची इंजेक्शनं पुरणार नाहीत, तुमच्याकडची सगळी पाठवा. बर्फाच्या पिशव्या घेऊन एक वॉर्डबॉय आत शिरला. बाई उभ्या राहिल्या.  दाराच्या फटीतून त्यांना दोन नर्सा दिसल्या. हातातल्या लहान लहान बाटल्या त्या जीव खाऊन हलवत होत्या, आतली पावडर विरघळावी म्हणून. एक हलवून झाली की दुसरी.

बऱ्याच वेळाने डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. मास्क गळ्यात, चेहरा घामाने चिंब.

"वाचली," त्या आधी म्हणाल्या, मग बाकावर बसल्या. "अजून आयसीयूत ठेवावं लागेल, पण वाचली. भुलेचा वायू सुरू केला आणि अंग तापायला लागलं, जबडा आवळला, हातपाय ताठ झाले. मी हे इतक्या वर्षांच्या नोकरीत एकदाच बघितलं होतं, म्हणून चटकन ओळखलं. आता मला नीट आठवून सांगा. घरात असं आणखी कुणाचं झालं होतं?"

 त्या वर्णनातला शब्द न् शब्द बाईंच्या ओळखीचा होता.

"तिच्या वडिलांचं," त्या म्हणाल्या. "पण ते माझ्यामुळे. मी त्यांना चहा दिला होता."

"चहा?"

"अर्धा कप. पहाटे. रिकाम्या पोटी न्यायचं होतं."

डॉक्टरीणबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "अंग तापलं होतं? ताठ झालं होतं?"

"लाकडासारखं."

"हे बघा," डॉक्टरीणबाई हळू म्हणाल्या, "पोटात काही असलं की उलटी होऊन ती फुप्फुसात जायचा धोका असतो, म्हणून उपाशी ठेवतात. चहाने माणसाचं अंग असं पेटत नाही. लाकूड होत नाही. हा रक्तातून आलेला दोष आहे. काही घरांत असतो. एरवी माणूस धडधाकट, उलट दणकटच दिसतो. विशिष्ट भूल नाकात गेली की मात्र स्नायू सैल व्हायचं विसरतात. कुणी सांगितलं तुम्हाला चहाचं?"

कुणी सांगितलं? बाईंनी आठवून पाहिलं. नीट शब्दांत कुणी सांगितलंच नव्हतं. 

"मला आधी का नाही सांगितलंत?" डॉक्टरीणबाईंच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "वडील टेबलावर गेले हे कळलं असतं, तर मी ही भूल दिलीच नसती. दुसरी देता येते."

म्हणजे नवऱ्याला मारलं नव्हतं, पण लेकीला मारायची वेळ आणली होती. एकाच दमात दोन्ही कानावर पडलं. कशाचा आधी विचार करावा हे बाईंना कळेना.

लेक घरी आली. हॉस्पिटलने तिचं रक्त एका कंपनीच्या लॅबमध्ये पाठवलं, आणि सोबत आईचंही. माणसाच्या पेशीतली जनुकांची आखणी वाचून कुठे काय बिघडलंय ते ही कंपनी सांगत असे, आणि हॉस्पिटलांना त्या चाचण्या विकत असे. निकाल समजावायला कंपनीची सल्लागार बाई नेमलेली होती. लेकीपेक्षाही लहान, सर्दीने नाक लाल झालेली. तिने कागदावर चौकोन आणि गोल काढले. चौकोन पुरुषांचे, गोल बायकांचे.

"ताईंमध्ये तो बदल आहे," ती लेकीच्या गोलात पेन्सिल फिरवत म्हणाली. "काकू, तुमच्यात नाही."

"म्हणजे तिच्या वडिलांकडून आला," बाई म्हणाल्या.

"बहुतेक. पण क्वचित मुलात नव्यानेच उपजतो. वडिलांच्या सख्ख्या नात्यातल्या कुणाचं रक्त तपासता आलं तर खात्रीने सांगता येईल. आणि काकू, त्यांनाही धोका असू शकतो. त्यांना सांगायलाच हवं."

बाई कागदावरच्या चौकोनाकडे बघत होत्या. या एका 'बहुतेक'वर त्यांचं सगळं आयुष्य अडलं होतं, आणि तो पुसायचा तर वन्संच्या शिरेतलं रक्त हवं होतं.

लेक म्हणाली, "मी आत्याला फोनवर सांगितलं होतं गं, माझं काय झालं ते. ती म्हणाली, हल्ली डॉक्टर साध्या तापालाही लांबलचक नावं देतात. आणि आई, तिच्या पित्ताशयात खडे झालेत. येत्या आठवड्यात ऑपरेशन आहे."

बाईंनी त्याच दिवशी दुकानातून लवकर सुट्टी मागितली. मालकांनी भुवया उंचावल्या, कारण बाईंनी आजवर सुट्टी मागितली होती ती फक्त लेकीच्या आजारपणात. वन्संच्या इमारतीची लिफ्ट बंद होती. जिना चढून त्या दारात उभ्या राहिल्या. वन्संनी दार उघडलं. खांद्यावर वाळलेल्या कपड्यांचा ढीग, बाह्या वर सारलेल्या. ते जाडजूड मनगट बाईंनी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच नीट बघितलं. हुबेहूब नवऱ्याचं.

"तू?" वन्सं म्हणाल्या.

"आत येऊ का?"

वन्सं बाजूला झाल्या. बस म्हणाल्या नाहीत. बाईंनी उभ्यानेच सांगितलं, आणि डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं त्याच शब्दांत सांगितलं. वन्सं कपड्यांच्या घड्या घालत ऐकत होत्या. घड्या हळूहळू वाकड्या पडू लागल्या.

"म्हणजे आता आमच्या रक्तात खोट काढायला आलीस," त्या अखेर म्हणाल्या. "सुटका हवीय तुला."

"हवीय ना," बाई म्हणाल्या. "का नको असेल? पण आज त्यासाठी आले नाही. तुम्हाला आठवड्याने टेबलावर घेणारेत. तिथे विचारतील, घरात कुणी असं गेलंय का. तुम्ही काय सांगणार?"

वन्संनी घातलेली घडी मोडून पुन्हा घातली.

"सांगून झालंय ना तुमचं? काय सांगितलंत?"

"काय सांगायचं? भाऊ भावजयीच्या चुकीने गेला, हे का डॉक्टरला सांगायचं असतं?" वन्संचा आवाज चिरकला. "नाही म्हणाले मी."

"मीही तेच म्हणाले होते. नाही. आणि पोर जाता जाता राहिली."

 आतल्या दारात वन्संचा थोरला मुलगा येऊन उभा राहिला होता. तोही मामासारखाच रुंद खांद्यांचा, आणि चेहरा पांढराफटक पडलेला.

"रक्त द्या, ऑपरेशन पुढे ढकला," बाई म्हणाल्या. "दोष निघाला नाही, तर मला वाटेल ते बोला. मी ऐकून घेईन. ऐकायची सवय आहे मला."

"आणि निघाला तर?"

"निघाला तर तुम्ही जगाल."

वन्संनी रक्त दिलं ते बाईंच्या शब्दाखातर नव्हे. थोरल्या मुलाने रिक्षा बोलावली आणि आईला जवळजवळ ओढतच खाली नेलं. निकाल यायला बरेच दिवस गेले. त्या दिवसांत बाईंच्या हातून एक काच चुकीची घासली गेली, मग आणखी एक. मालक नुसते येऊन यंत्र बंद करून गेले.

फोन आला तेव्हा बाई दुकानातच होत्या. पलीकडे वन्सं होत्या, आणि त्या बोलतच नव्हत्या. नुसता श्वास ऐकू येत होता.

"वन्सं?"

"आहे," वन्सं म्हणाल्या. "माझ्यात आहे. तोच. अगदी तोच, असं ती सर्दीवाली पोरगी म्हणाली. थोरल्यातही आहे. धाकटा तपासून घ्यायला तयार नाही." मग त्या म्हणाल्या, "आई तुझ्या हातचं पाणी न पिता गेली. आता आईला कुठे गाठून सांगू मी?"

बाईंना वाटलं होतं की हे ऐकलं की छातीवरचा दगड उतरेल. तसलं काहीच झालं नाही. उलट राग आला. तो राग आहे हे कळायलाही त्यांना वेळ लागला, कारण इतका राग त्यांना कधी आलाच नव्हता. वन्संचा, त्या मान हलवून गेलेल्या डॉक्टरचा, सासूबाईंचा, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा. आपण एकदाही कुणाला विचारलं कसं नाही? अर्ध्या कपाने माणूस पेटतो का, एवढंच तर विचारायचं होतं. कंपाउंडरला विचारलं असतं तरी चाललं असतं. चष्मा करून घ्यायला दुकानात किती डॉक्टर येऊन गेले होते.

"मी नंतर बोलते," एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला.

वन्संचं ऑपरेशन वेगळी भूल देऊन झालं, शिरेतून दिलेल्या औषधांवर, आणि काही विपरीत न होता झालं. त्यानंतर एके दिवशी त्याच कंपनीतून एक साहेब आले. हे सल्ला देणारे नव्हते, व्यवहार बघणारे होते. त्यांच्या सांगण्यावरून वन्संच्या घरी सगळे जमले. वन्संचे दोन्ही मुलगे, चुलत घरातली चारदोन माणसं, लेक आणि बाई. साहेब फार खुशीत होते.

"एकाच घराण्यात, एकाच बदलाची इतकी माणसं सहसा सापडत नाहीत," ते म्हणाले. "आमच्या दृष्टीने तुम्ही सोनं आहात."

कुणी हसलं नाही. ते साहेबांच्याही लक्षात आलं. मग सूर बदलून त्यांनी सांगितलं, की एका औषध कंपनीला या दोषावर नवं, चटकन देता येईल असं औषध बनवायचं आहे. जे आहे ते बाटल्या हलवत बसावं लागणारं, जुनं. त्यासाठी तुमच्या रक्ताची माहिती, नावं काढून टाकून, त्या कंपनीला देऊ. तुम्हा सगळ्यांच्या चाचण्या फुकट होतील. संमतीची सही तेवढी हवी.

"म्हणजे माझ्या भावाच्या मरणाचा धंदा," वन्सं म्हणाल्या.

साहेबांनी नजर चुकवली नाही. "धंदाच आहे, काकू. पण तुमची भाची वाचली ते इंजेक्शनही कुणीतरी धंदा म्हणूनच बनवलं होतं."

 लेकीने पेन उचललं आणि सही केली. थोरल्यानेही केली. धाकटा उठून गॅलरीत गेला तो शेवटपर्यंत आत आला नाही. बाईंनी पेनासाठी हात पुढे केला, तसे साहेब घाईने म्हणाले, "नाही नाही काकू, तुमची गरज नाही. तुमच्यात तो बदल नाही. तुमचं रक्त आमच्या उपयोगाचं नाही."

बाईंचा हात तसाच राहिला. ज्या घरात त्यांच्याकडे दोषी म्हणूनच बघितलं गेलं होतं, तिथे आता दोष नाही म्हणून त्या मोजणीतच नव्हत्या. त्यांना हसू फुटलं. ते इतकं अवेळी होतं की लेकीने दचकून त्यांचा दंड धरला.

साहेबांनी मोठा कागद पसरला. सगळ्यात वरच्या ओळीत वन्संचा गोल, शेजारी त्यांच्या भावाचा चौकोन. चौकोनावर त्यांनी तिरकी रेघ मारली, गेलेला माणूस म्हणून. "यांच्या मृत्यूचं कारण काय लिहू?"

सगळ्यांनी बाईंकडे बघितलं. सवयच ती.

"तिच्याकडे काय बघताय?" वन्सं म्हणाल्या. "लिहा, भुलेने गेला. दिलेली भूल अंगात पेटली. हिने काही केलं नव्हतं. तेही लिहा."

"ते लिहायला जागा नाही, काकू," साहेब गोंधळून म्हणाले.

"मग कडेला लिहा."

साहेबांनी खरंच कडेला लिहिलं. कशाबद्दल आहे हे त्यांना कुणी सांगितलं नाही.

वन्संनी माफी अशी मागितली नाही, आणि बाईंनीही ती देऊन टाकल्याचा आव आणला नाही. अजूनही कधी कधी बाई वन्संचा फोन उचलत नाहीत. वन्सं तरीही करतात. धाकट्याने अखेर तपासून घेतलं, त्याच्यात काही निघालं नाही. लेकीच्या मनगटात आता एक स्टीलची पट्टी असते, तिच्यावर कुठली भूल द्यायची नाही ते कोरलेलं. पोहायला शिकणारी मुलं विचारतात, तर ती सांगते की हे माझं बक्षीस आहे.

सह्या झाल्या त्या दिवशी वन्संच्या घरून परत येताना मायलेकी बसस्टॉपवर उभ्या होत्या. बस येत नव्हती. लेक म्हणाली, "आई, बाबा होते कसे? मरणाचं नको सांगू. त्याच्या आधीचं सांग."

बाई सवयीने काचा पुसायला काहीतरी शोधू लागल्या, पण पर्समध्ये तसलं काही नव्हतं. आणि मग त्यांच्या ध्यानात आलं, की इतकी वर्षं नवऱ्याची कुठलीही आठवण सुरू केली की ती त्या सकाळपर्यंत जाऊन थांबायची, म्हणून त्यांनी एकही सुरू केली नव्हती.

"दुकानात आला होता पहिल्यांदा," त्या म्हणाल्या. "म्हणाला, लांबचं दिसत नाही. मालकांनी तक्त्यासमोर बसवलं, तर मोठं अक्षरसुद्धा चुकीचं वाचलं. तेही मुद्दाम. मी मागच्या खोलीतून बघत होते. बाहेर पडताना पलीकडच्या फुटपाथवरच्या मित्राला नावाने हाक मारली त्याने."

"मग?"

"मग काय, मी त्याला साध्या काचेचा चष्मा करून दिला. बिननंबरी. लग्न ठरेपर्यंत इमानेइतबारे घालत होता. डेपोत त्याला प्रोफेसर म्हणायला लागले होते."

लेक आ वासून आईकडे बघत राहिली. "आणि तुला माहीत होतं?"

"माझंच काम होतं ना ते," बाई म्हणाल्या, आणि पुढची आठवण सांगायला लागल्या.